पीडीएफ म्हणजे ई-बुक नव्हे

“ई-रीडर आले, आता प्रकाशक हवेत कशाला? कागद नाही, छपाई नाही, मधला कुणी नाही. पीडीएफ चढवली की पुस्तक तयार. तरी दीडशे रुपये मागतात, ही लूट आहे.” वाचनप्रेमींच्या गटांमध्ये हा मजकूर सतत फिरत असतो. मी मराठी पुस्तकांच्या ई-आवृत्त्या तयार करतो, म्हणून उत्तर देतो आहे.

कागद, बांधणी आणि गोदामाचा खर्च वाचतो, हे खरंच. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचे हक्क, हे मात्र काहीच टळत नाही. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर आहे. २०१८मध्ये तो १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता.

मधला कुणी नाही, हेही पटत नाही. ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर २०१६च्या डिसेंबरात मराठी पुस्तकं आली आणि नव्या लेखकांना स्वतःचं पुस्तक स्वतः प्रसिद्ध करता येऊ लागलं, याचा मला आनंदच आहे. पण तिथे लेखकाचा वाटा ३५ किंवा ७० टक्के असतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ते ई-बुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, ही अट मान्य करावी लागते. दुकानदाराची सत्ता किती, हे जुलै २००९मध्ये दिसलं. त्या तिथे विक्रीला ठेवणाऱ्या प्रकाशकाकडे हक्क नव्हते म्हणून जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या. पैसे परत मिळाले, पण पुस्तक गेलं. कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याला आपल्या कपाटात असा हात घालता येत नाही.

आता पीडीएफ. तिच्यात पान छापल्यासारखं गोठलेलं असतं. सहा इंची पडद्यावर अक्षर मोठं केलं, की ओळ बाहेर जाते. खऱ्या ई-बुकमध्ये मजकूर पडद्याप्रमाणे पुन्हा वाहता व्हावा लागतो आणि त्यासाठी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक संकेतपद्धतीत, हवा. आपली जुनी पुस्तकं मात्र श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. त्यांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘मार्मिक’सारख्या शब्दात दोन्ही एकत्र आले, की रूपांतर करणारं सॉफ्टवेअर हमखास अडखळतं.

त्याहून वाईट चूक डोळ्यांना पटकन दिसतच नाही. ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्यांना बोलावलेलं असतं, येतात आचार्य. दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं साधन गप्प बसतं. माणसानेच मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. अडीचशे पानांच्या कादंबरीला मला आठवडा सहज लागतो, कवितासंग्रह असेल तर ओळी मोडू नयेत म्हणून आणखी दोन दिवस.

माझी आई अक्षर सर्वांत मोठं करून वाचते. पडद्यावर तिच्या जेमतेम सात-आठ ओळी मावतात. पीडीएफ दिली होती तेव्हा ती प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे ओढत बसायची आणि तिसऱ्या पानावर तिने ते यंत्र बाजूला ठेवलं होतं.