आधी स्लॅब, मग पत्रे

गोव्यातल्या कुठल्याही गावात जरा उंचावर उभे राहा आणि खाली बघा. लाल कौलांच्या मधे मधे निळे-हिरवे पत्रे दिसतील. ते कारखान्यांचे नाहीत, घरांचे आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कौलारू घर पाडून हौसेनं स्लॅबचं बांधलं, चार-पाच पावसाळ्यांत छत झिरपायला लागलं, वॉटरप्रूफिंगवाल्याचे खिसे भरून झाले आणि शेवटी लोखंडी खांब उभारून वर उतरत्या पत्र्याचं छप्पर घातलं. एका घराला दोन छपरं, दोन्हीचे पैसे आपलेच. फिरून आलो ते आजोबांच्या उतरत्या छपरावरच, फक्त या वेळी दिसायला भिकार.

सपाट छपराचा हट्ट युरोपातल्या आधुनिकतावाद्यांचा. ल कॉर्ब्युझिए हे त्यातलं मोठं नाव. पॅरिसजवळ पॉइसीला १९३१ मध्ये पुरं झालेलं त्यांचं विला साव्वा आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना आजही आदर्श म्हणून शिकवतात. ते घर गळायचं. मालकीणबाईंनी तक्रारीची पत्रं लिहिली, ती इतिहासात नोंदली गेली आहेत. पॅरिसला वर्षाकाठी पाऊस ६५० मिलिमीटरच्या आतबाहेर. पणजीत ३००० च्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. आता सांगा, आपण कोणाकडून काय शिकलो?

पणजीत पाटोकडून फोंतेन्हासकडे येताना उरेमच्या खाडीवर क्षणभर थांबलं की दोन्ही बाजू एकदम दिसतात. एका बाजूला मळा या जुन्या वस्तीतली पिवळी, निळी, तांबूस घरं: जाड भिंती, उभट खिडक्या, पुढे आलेली पडवी, वर कौलं. दुसऱ्या बाजूला पाटोच्या कचेऱ्या. तिथल्या एका कचेरीत मला अधूनमधून काम पडतं, म्हणून आतलं सांगतो. भिंतभर काच लावली ती उजेड यावा म्हणून. मग ऊन सोसेना म्हणून काचेवर काळी फिल्म चिकटवली. तरी भागेना म्हणून पडदे ओढले. पडदे ओढल्यावर अंधार झाला म्हणून भर दुपारी ट्यूबलाइट. वीज गेली की माणसं बाहेर जिन्यात येऊन उभी राहतात, कारण उघडेल अशी एकही खिडकी नाही. आपल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असत. ऊन गाळून मऊ उजेड आत यायचा, आणि उकडलं तर खिडकी सताड उघडता यायची. यातला मागासलेला कोण?

कोणी म्हणेल, पणजीतली कला अकादमीसुद्धा आधुनिकच. आहे ना! वास्तुविशारद चार्ल्स कुरैया यांनी ती इमारत मांडवीच्या काठी बुटकी, पसरट ठेवली, सावलीतून चालत नदीपर्यंत जाता येईल अशी. त्यांना ही जागा कळली होती. पण एका कुरैयांच्या नावावर शंभर काचेची खोकी खपवली जातात, माझं भांडण त्या खोक्यांशी आहे.

आणि 'आपलं अस्सल' वगैरे सोवळेपणाही मला मान्य नाही. आज ज्या मंगळुरी कौलांसाठी आपण गळा काढतो, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या जर्मन लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढला. आपल्या देवळांचंच बघा. घुमट मुसलमानी वळणाचा, भिंतींवरचे अर्धखांब आणि कमानी चर्चच्या घाटणीच्या, पुढचा दीपस्तंभ आपला, आणि सगळ्याच्या वर पावसासाठी उतरतं कौलारू छप्पर. जे पटलं ते घेतलं, पण पाऊस आणि ऊन यांना विचारून घेतलं. म्हणून मंगेशीला सात मजली दीपस्तंभासमोर उभं राहिलं की काही उसनं आणल्यासारखं वाटत नाही.

चिऱ्याची गोष्ट तर फार बोलकी आहे. चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड. त्याला चुन्याचा गिलावा लागतो, नाहीतर पाऊस त्याला खातो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बासिलिकेला तो गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच तो खरवडून काढला, दगड उघडा दिसावा म्हणून. तेव्हापासून चिरा झिजतो आहे आणि गिलावा परत लावायचा की नाही यावर वाद चालू आहे. लोकांना आता तो लाल रूपातच खरा वाटतो. तीच फॅशन आज हणजूण-आसगावातल्या दिल्लीवाल्यांच्या व्हिलांत: उघडा चिरा, वर कसलंसं चकचकीत पॉलिश. तिथल्या बाल्कांवाचं तर हसू येतं. बाल्कांव म्हणजे रस्त्याकडे तोंड करून बसायची जागा, येणाऱ्या-जाणाऱ्याला "खंय चल्लो रे?" विचारायची. यांचं बाल्कांव स्विमिंग पुलाकडे आणि रस्त्याच्या बाजूला दहा फुटी भिंत.

पण दिल्लीवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे. आपल्या देवळांचं काय चाललंय? गावोगावी जुनी देवळं पाडून आरसीसीची उभी राहताहेत. घुमट जातो, तिथे उत्तरेकडचं शिखर येतं. लाकडी कोरीव खांब जातात, संगमरवरी फरशी येते, पहिल्याच पावसात तिच्यावरून म्हातारी माणसं घसरतात. आमच्या गावच्या देवस्थानातही आता हाच विषय निघालाय. आमचे एक काका देवळाचे महाजन, म्हणजे देवस्थानाच्या कारभारात वंशपरंपरेनं हक्क असलेल्यांपैकी आहेत. मी विचारलं, "काका, छप्पर गळतं तर छप्पर दुरुस्त करूया, देऊळ कशाला पाडायचं?" ते म्हणाले, "बाबा, लोकांक शिखर जाय." म्हणजे लोकांना शिखर हवं. कुठल्या लोकांना, ते त्यांना सांगता आलं नाही. देणगीदारांची नावं कोरायला नवीन भिंत लागते, हे मात्र दोघांनाही ठाऊक होतं.

अडचणी मलाही कळतात. कौलं दर वर्षी परतावी लागतात, माकडं ती फोडतात, चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी झालेत, लाकूड परवडत नाही. घर मोडायला टेकलं तरी वारसांच्या सह्या जमत नाहीत. आपल्या दिवाणी कायद्यात सगळ्या मुलांना वाटा आहे, ते योग्यच, पण तिसऱ्या पिढीत एका घराचे चाळीस मालक होतात. यावर सरकार आणि पंचायतींनी काही करायला हवं. जुनं घर दुरुस्त करणाऱ्याला घरपट्टीत सवलत द्यायला काय हरकत आहे? देवळाला मात्र वारसांची अडचण नाही, पैशाचीही नाही.

नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारलं. अष्टकोनावर बसलेला बुटका घुमट, उतरतं कौलारू छप्पर, पुढे दीपस्तंभ. ते जीर्ण झालं होतं. न पाडता त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. आमच्या देवस्थान समितीला माझी एवढीच विनंती आहे, की नकाशा मंजूर करण्याआधी एका रविवारी सगळ्यांनी नार्व्याला चला. गाडी मी काढतो, पेट्रोलही माझं. काका, तुम्ही पुढच्या सीटवर बसा.