‘ओरडणाऱ्या जाहिराती’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

छोट्या व्यावसायिकांनी ऑनलाइन जाहिरातीत लोकांचे लक्ष कसे वेधावे, या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण सदाशिव पेठेतले निवृत्त शिक्षक आहात, हे आपण लिहिले नसते तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका ज्या पद्धतीने दाखवल्या आहेत त्यावरून ते कळले असते. दोन्ही चुका दुरुस्त केल्या आहेत. आपले आक्षेप तीन आहेत: लक्ष वेधणे म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर ओरडणे, चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही, आणि ‘फक्त ३ जागा शिल्लक’ असे लिहायला सांगून मी लोकांना खोटे बोलायला शिकवतो आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले बरोबर आहे. जागा खरोखरच तीन उरल्या असतील तरच तसे लिहावे, ही अट माझ्या मनात होती, पण लेखात नव्हती, आणि मनातली अट वाचकाला दिसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ क्लृप्त्यांवर, म्हणजे ज्यांना डार्क पॅटर्न म्हणतात त्यांवर, मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्या यादीत पहिलीच क्लृप्ती खोट्या घाईची आहे. नसलेली टंचाई दाखवणे, संपत नसलेली मुदत संपवणे, हे सारे तिच्यात येते. दर सोमवारी ‘आज शेवटचा दिवस’ असणाऱ्या वर्गांच्या जाहिराती आपल्याप्रमाणे मीही पाहतो आणि माझीही चिडचिड होते. ‘फक्त ३ जागा शिल्लक’ हे वाक्य लेखातून काढून टाकले आहे.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. ओरडण्याने लक्ष वेधले जाते, हे आपण गृहीत धरले आहे. माझा अनुभव आणि या माध्यमाचा इतिहास याच्या उलट आहे. संकेतस्थळावरच्या पहिल्या पट्टी-जाहिरातींपैकी एक २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर झळकली. ती अमेरिकेतल्या एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची होती आणि पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी तिच्यावर क्लिक केले, असे सांगितले जाते. तो नवेपणाचा गुण होता. पुढे अवघ्या चार वर्षांत, १९९८ मध्ये, ‘बॅनर ब्लाइंडनेस’, म्हणजे पट्टी समोर असूनही न दिसणे, ही संज्ञा संशोधकांना वापरावी लागली. प्रयोगात भाग घेणारी माणसे जी माहिती शोधत होती, तीच ठळक, रंगीत पट्टीत घालून समोर ठेवली, तरी ती त्यांच्या नजरेतून सुटत होती. भडक दिसते ते आपल्या कामाचे नसते, हे डोळ्यांना इतक्या लवकर कळले होते. आज मोबाइलवर अंगठा फिरवणारा माणूस त्या डोळ्यांचा वारसदार आहे.

एक जवळचे उदाहरण देतो. कर्वेनगरमध्ये रफू, फॉल-पिको आणि साडी पॉलिश करून देणाऱ्या एका काकूंचे छोटे दुकान आहे. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी कोणाकडून तरी एक जाहिरात करून घेतली होती: लाल-पिवळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात गणपती, मध्ये ‘भव्य सवलत’, खाली सात सेवांची यादी, दोन मोबाइल क्रमांक, पूर्ण पत्ता आणि ‘एकदा अवश्य भेट द्या’. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर हे कदाचित खपले असते. मोबाइलवर त्याचा आकार पोस्टकार्डाहूनही लहान होतो आणि मजकूर मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. त्यावर आलेल्या मोजक्या फोनपैकी बरेचसे ‘घागरा शिवून मिळेल का’ असे विचारणारे होते, आणि काकू काही शिवत नाहीत.

मग आम्ही दुकानाच्या दारात, सकाळच्या उजेडात, मोबाइलनेच एक फोटो काढला. जांभळ्या पैठणीचा पदर, काठापासून चार बोटांवर उंदराने कुरतडलेले भोक, त्यातले निम्मे त्याच रंगाच्या रेशमाने भरलेले, निम्मे उघडे, आणि सुई मध्येच थांबलेली. वर एकच ओळ लिहिली: ‘भोक पडले म्हणून पैठणी बोहारणीला देऊ नका.’ खाली: ‘रफू, कर्वेनगर. साडीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, खर्च आधी सांगू.’ रोजचा खर्च पहिल्या जाहिरातीइतकाच ठेवला. या वेळी काकूंच्या मोबाइलवर फोटो येऊ लागले: कोणाच्या आईचा शालू, कोणाचा फेटा, एकाचा तर सिगारेटने जळलेला ब्लेझर. ज्या घरात कपाटातली साडी कुरतडलेली नव्हती, तिथला अंगठा त्या फोटोवरून बहुधा पुढे सरकला असेल, आणि तसेच व्हायला हवे होते.

माझ्या लेखात जे नीट मांडले गेले नाही, ते हेच. जाहिरातीचे निम्मे काम ज्याचा संबंध नाही त्याला लवकर मोकळे करण्याचे असते. यूट्यूबवर वगळता येणारी जाहिरात पाच सेकंदांनंतर सोडून देता येते, आणि तिच्या मूळ हिशेबात प्रेक्षकाने ३० सेकंद, किंवा जाहिरात त्याहून लहान असेल तर ती संपूर्ण, पाहिली अथवा तिच्यावर क्लिक केले, तरच जाहिरातदाराला पैसे पडतात. म्हणजे पहिल्या पाच सेकंदांत स्फोट, किंकाळी किंवा नाचणारे मूल दाखवून आपण ज्यांना धरून ठेवतो, त्यांतल्या नको त्या माणसांचे पैसेही आपणच भरतो. त्यापेक्षा पहिल्याच वाक्यात ‘गुडघेदुखीसाठी घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, फक्त पुणे शहरात’ असे सांगून टाकावे. ज्याचे गुडघे ठणठणीत आहेत तो फुकट निघून जातो. (यातच एक पथ्य: ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असे वाचणाऱ्याच्या आजाराकडे बोट दाखवणारे वाक्य फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या नियमांत बसत नाही. फेसबुकवर तशी जाहिरात नाकारली जाऊ शकते, आणि शेजाऱ्याने जिन्यात असे विचारलेले आपल्यालाही आवडत नाही.) गुगलच्या शोध-जाहिरातींतही केवळ जास्त बोली लावून वरची जागा मिळत नाही, जाहिरात आणि क्लिकनंतर उघडणारे पान शोधणाऱ्याच्या कितपत कामाचे आहे, हेही तिथे मोजले जाते.

चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही, या मुद्द्यावर आपण पेठेतल्या रांगा लागणाऱ्या दुकानांचे दाखले दिले आहेत. ती दुकाने आज तीन-चार पिढ्यांच्या नावावर उभी आहेत, आणि काकूंना दुकान टाकून दोन वर्षे झाली आहेत. शिवाय लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराहून चांगला माल कोणता सांगावा? तरीही लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी शेतकरी तो सुरुवातीला घेईनात. पुढे १९२० मध्ये त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. ग्राहकांपर्यंत आपला माल पोहोचवण्यासाठी काढलेल्या त्या पत्राचे पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. आपल्या घरीही ते येत असावे, असा माझा कयास आहे.

प्रतिक्रियेच्या शेवटी, जरा अनिच्छेनेच, आपण विचारले आहे की सूनबाई कोथरूडमध्ये दहावीच्या संस्कृतची शिकवणी सुरू करत आहेत, तर त्यांनी काय करावे. जाहिरात मुलांना दाखवू नये, आईवडिलांना दाखवावी. मुलांवर नेम धरलेल्या जाहिरातींना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही विरोध आहे, आणि शुल्कही आईवडीलच भरणार आहेत. ‘सुवर्णसंधी’, ‘यशाची गुरुकिल्ली’ हे शब्द टाळावेत. सूनबाईंनी वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात एक शब्दरूपावली लिहावी, मुले हमखास चुकतात ते एक रूप चुकीचे लिहून लाल पेनने दुरुस्त करावे आणि त्या पानाचा फोटो लावावा. ज्या आईने ती चूक चाचणी परीक्षेच्या पेपरात पाहिली आहे, ती थांबेल.

गुगलवर जाहिरात द्यायची असेल, तर शीर्षकाला ३० चिन्हांची मर्यादा आहे, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पायमोड ही सगळी वेगवेगळी चिन्हे धरावी लागतात. ‘संस्कृत’ हा आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा शब्द युनिकोडच्या, म्हणजे संगणक अक्षरे ज्या पद्धतीने साठवतो तिच्या, हिशेबात सात चिन्हांचा होतो. ‘दहावी संस्कृत शिकवणी, कोथरूड’ हे शीर्षक मी मोजून पाहिले: मोकळ्या जागा आणि स्वल्पविरामासह २८ चिन्हे भरतात. ऱ्हस्व-दीर्घ आपण तपासालच.