चाळीस मोठा की तीस?

तीन रात्री एकाच प्रश्नाचं उत्तर शोधतोय आणि डोकं भणभणलंय. भाच्याकडे गेम खेळायला २०१८ साली घेतलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आहे, सहा जीबी मेमरीचं. पोराने वर्षभर पैसे साठवलेत. त्याला एवढंच हवंय की नवीन कार्ड घेतलं तर आत्तापेक्षा किती फरक पडेल. इतका साधा प्रश्न, आणि याचं सरळ उत्तर कुठेही मिळत नाही. कुठेही!

चाचण्यांचे तक्ते उघडावेत तर त्यात १०६० नसतंच. नव्या कार्डाच्या शेजारी फार तर मागच्या एक-दोन पिढ्या. मग मी साखळी जोडत बसतो. एका व्हिडिओत १०६० आणि २०६०, दुसऱ्यात २०६० आणि ३०६०, तिसऱ्यात ३०६० आणि ४०६०. प्रत्येकात गेम वेगळे, सेटिंग वेगळं, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा आणि प्रोसेसर बाजारातला सगळ्यात महागडा. कार्डाची खरी ताकद दिसावी म्हणून तसा प्रोसेसर लावतात, ते मान्य. पण जुन्या आय५ प्रोसेसरवर आमच्या पोराला काय मिळणार, ते यातून मी कसं काढायचं? वर ते दुसरे व्हिडिओ, ज्यांत कार्ड एकदाही दिसत नाही. एकच गेम दोन खिडक्यांत आणि कोपऱ्यात आकडे. कुणी मोजले ते? कशावर मोजले? लोक ते बघून तीस-तीस हजार रुपये मोजतात हो!

शनिवारी पोरगा दुकानात गेला. ओळखीतला एकजण त्याला वापरलेलं ३०६० टीआय देतोय, दुकानात नवंकोरं ४०६०. दुकानदार म्हणाला, "चाळीस मोठा की तीस? नवीन सोडून जुनं कशाला घेतोस?" तिथूनच मला फोन. "मामा, ते म्हणतायत हे जास्त फास्ट आहे."

नाही रे बाबा, नाही! पहिले दोन आकडे पिढीचे, शेवटचे दोन पायरीचे, आणि 'टीआय' म्हणजे त्याच पायरीचं जरा तगडं रूप. चाळीस म्हणजे नंतर आलेलं, एवढंच. ३०६० टीआय डिसेंबर २०२० मध्ये आलं. त्याची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जायचा रस्ता, २५६ बिटची, सेकंदाला ४४८ जीबी ने-आण. ४०६० जून २०२३ चं, बस १२८ बिटची आणि ने-आण २७२ जीबी. रस्ता अर्धा करून टाकला! भरपाई म्हणून कॅशे, म्हणजे चिपमधलीच छोटी जलद मेमरी, चारवरून चोवीस एमबी केला, तो १०८० पिक्सेल उंचीच्या (फुल एचडी) चित्राला बऱ्यापैकी सांभाळून घेतो. रिझोल्यूशन वाढवलं की दम लागतो. बहुतेक गेममध्ये जुनं ३०६० टीआय थोडं पुढेच राहतं. शिवाय कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या आठच लेन ४०६० वापरतं. भाच्याचा मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा, म्हणजे तिथला वेग आणखी निम्मा. एरवी ते जाणवत नाही, पण कार्डाची आठ जीबी मेमरी भरली आणि ते संगणकाच्या रॅमकडे धावायला लागलं की गेम अडखळतो. यातलं खोक्याच्या दर्शनी बाजूला काय छापलंय? बहुतेक खोक्यांवर काहीही नाही. मोठा नंबर आणि चकाकणारं चित्र.

नव्याच्या बाजूनेही सांगतो. ते ११५ वॅटमध्ये चालतं, जुनं २०० वॅट खातं. भाच्याची पॉवर सप्लाय बेताची आहे, तिथे हा फरक खरा आहे. नव्याला वॉरंटी आहे. आणि ३०६० टीआय २०२१ मध्ये रात्रंदिवस क्रिप्टो चलनाच्या मायनिंगला जुंपलेलं होतं का, हे विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. म्हणूनच तर नीट तुलना हवी ना!

राग कशाचा येतो सांगू? हे असं नव्हतं. २०१६ मध्ये १०६० आलं ते मागच्या पिढीच्या जीटीएक्स ९८० च्या बरोबरीला उभं राहिलं, निम्म्याहून कमी किमतीत. ३०६० टीआय आलं तेव्हा ते मागच्या पिढीतल्या वरच्या पायरीच्या २०८० सुपरच्या तोडीचं होतं. नंबर बघून घेतलं तरी माणूस सहसा फसत नव्हता. मग २०२३ मध्ये ४०६० टीआय आलं, किंमत तीच ३९९ डॉलर, आणि ३०६० टीआयपेक्षा जेमतेम दहा टक्के पुढे, काही गेममध्ये तर मागे. अडीच वर्षांनी!

तेव्हाही सगळं स्वच्छ होतं असं नाही. १०६० चं तीन जीबीचं रूप निघालं त्यात कोअरही (आकडेमोड करणारे भाग) कमी होते, १२८० च्या जागी ११५२, आणि नाव तेच. जीटी १०३० तर त्याहून वाईट. २०१७ चं, वेगवान जीडीडीआर५ मेमरीवालं, सेकंदाला ४८ जीबी ने-आण करणारं. पुढच्या वर्षी संथ डीडीआर४ मेमरी लावून त्याच नावाने काढलं, त्याची ने-आण १७ जीबीही नाही. गरिबातला गरीब गिऱ्हाईक जे कार्ड घेतो, त्यातच हे!

आणि आता फ्रेम जनरेशन, म्हणजे गेमच्या खऱ्या फ्रेमच्या मधे एआयने बनवलेल्या फ्रेम. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी मंचावरून सांगितलं की ५०७० म्हणजे ५४९ डॉलरमध्ये मागच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० ची कामगिरी. एकात १२ जीबी, दुसऱ्यात २४. एकात ६१४४ कोअर, दुसऱ्यात १६३८४. कसं जमलं? चारातल्या तीन फ्रेम एआयने मधे घुसवलेल्या. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउस हलवल्यावर गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमच्याच वेगाने. त्या तीन मोजून जुन्या कार्डाशी तुलना करणं म्हणजे दुधात पाणी घालून लिटर वाढवणं आहे.

छताच्या साध्या पंख्यावर २०२३ पासून वीजबचतीचे तारे छापणं सक्तीचं आहे. मग तीस हजारांच्या कार्डावर बस किती बिटची, लेन किती, मेमरी कुठल्या जातीची, हे ठळक अक्षरात समोर का नको? आणि परीक्षण करणाऱ्यांनो, तक्त्यात तळाला एक १०६० ठेवा की! नवं कार्ड घ्यायला तेच लोक निघालेत.

आज सकाळी पुन्हा फोन. "मामा, त्यांच्याकडे ५०६० पण आलंय. म्हणतात, पन्नास आणखी मोठा." हे आधीच्या दोन्हींपेक्षा वेगवान आहे, मान्य. पण बस पुन्हा १२८ बिटची. नवी जीडीडीआर७ मेमरी लावून ने-आण ४४८ जीबी, म्हणजे २०२० च्या त्याच ३०६० टीआयइतकी. मेमरी आठ जीबी. त्याच्या २०१८ साली घेतलेल्या कार्डापेक्षा फक्त दोन जीबी जास्त. मी त्याला म्हटलं, पैसे देऊ नकोस, आधी मदरबोर्डाचा फोटो पाठव, तो तिसऱ्या पिढीचाच आहे का ते नक्की करू.