‘तहान लागली की पाणी प्यावे, एवढे पुरे’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘उन्हाळ्यात पुरेसे पाणी का प्यावे’ या माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. दिवसाला आठ ग्लास पाणी प्यावे या सल्ल्याला शास्त्रीय आधार नाही आणि हा आकडा बाटलीबंद पाणी विकणाऱ्यांनी रूढ केला आहे. निसर्गाने तहान दिलेली असताना पाणी मोजून पिण्याचे कारण नाही. आयुर्वेदाचार्य वाग्भटानेही निरोगी माणसाला बेतानेच पाणी प्यायला सांगितले आहे. आणि असेच लेख वाचून आपले ७२ वर्षांचे वडील रोज साडेचार-पाच लिटर पाणी पिऊ लागले, त्यांच्या रक्तातले सोडियम घसरले आणि त्यांना चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले.

या शेवटच्या गोष्टीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे मुद्दे वादाचे आहेत आणि हा एका माणसाच्या जिवाचा आहे. वडील आता घरी आले आहेत हे वाचून हायसे वाटले. आपण लिहिले आहे की त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती आणि जेवण बरेच कमी झाले होते. या दोन गोष्टींमुळे काय झाले असावे, ते मला स्पष्ट दिसते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. जास्तीचे पाणी काढून टाकण्याची त्यांची ताकद मोठी असली तरी तिला मर्यादा आहे; तरुण, धडधाकट माणसातही ती तासाला पाऊण ते एक लिटरच्या आसपास असते. शिवाय मूत्रपिंडांना नुसते पाणी बाहेर टाकता येत नाही. त्याच्याबरोबर थोडे क्षार आणि थोडा युरिया जावाच लागतो, आणि ते दोन्ही येतात जेवणातल्या मिठातून आणि प्रथिनांतून. अर्धी पोळी आणि दोन घास भात एवढ्यावर दिवस काढणाऱ्या वृद्ध माणसाची पाणी बाहेर टाकण्याची क्षमता त्यामुळेच घटते. त्यात लघवी वाढवणारी ती गोळी थायझाइड गटातली असेल तर ती सोडियम बाहेर घालवते आणि लघवी पातळ करण्याचे मूत्रपिंडाचे कामही अडवते. ‘गोळीने लघवी जास्त होते, म्हणून पाणी जास्त प्यायला हवे’ असा हिशेब घरोघरी मायेपोटीच केला जातो, परंतु अशा वृद्धांच्या बाबतीत तोच घातक ठरतो.

रक्तातले सोडियम एरवी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. ते झपाट्याने खाली गेले की मेंदूच्या पेशी पाण्याने फुगू लागतात आणि मळमळ, डोकेदुखी, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ आणि शेवटी झटके अशी लक्षणे दिसतात. हे फक्त वृद्धांनाच होते असेही नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी आढळले, आणि धावताना वजन कमी होण्याऐवजी वाढलेल्यांना, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यालेल्यांना, हा धोका सर्वांत अधिक होता. त्याच शर्यतीत २८ वर्षांची एक धावपटू याच कारणाने दगावली. माझ्या लेखात या धोक्याचा उल्लेख एका ओळीनेही नव्हता. मी २६ वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे ही उणीव मला अधिकच बोचली. चूक माझी आहे आणि त्याबद्दल मी आपली आणि आपल्या वडिलांची क्षमा मागते.

आता आठ ग्लासांविषयी. आधार नाही हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण तो आकडा बाटलीवाल्यांच्या धंद्यापेक्षा जुना आहे. अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने १९४५ साली प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते, आणि लगेच पुढच्याच वाक्यात यातले बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते असेही सांगितले होते. पहिले वाक्य जगभर फिरले आणि दुसरे मागे पडले. डार्टमथ येथील मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ वॅल्टिन यांनी २००२ साली या सल्ल्याचा मागोवा घेतला, तेव्हा निरोगी, बैठे काम करणाऱ्या आणि समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या माणसाने आठ ग्लास पाणी प्यावेच, असे दाखवणारा पुरावा त्यांना कोठेही सापडला नाही. अमेरिकेतच २००४ साली जे आकडे ठरले (पुरुषांसाठी ३.७ लिटर, स्त्रियांसाठी २.७ लिटर) तेही अन्न, चहा, दूध, फळे या सगळ्यांतले पाणी धरून आहेत. आपल्या ताटातही पाणी भरपूर असते. शिजलेल्या भाताच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते, शिवाय वरण, आमटी, ताक, काकडी, कलिंगड हे सगळे त्या हिशेबात येते. चहा-कॉफीने अंगातले पाणी उलट कमी होते, असे मीही एके काळी वर्गात सांगत असे. बर्मिंगहॅम विद्यापीठात ५० पुरुषांवर केलेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचल्यावर मी ते सांगणे थांबवले, कारण रोज चार मग कॉफी पिणाऱ्यांच्या आणि तेवढेच पाणी पिणाऱ्यांच्या शरीरातील पाण्यात फरक आढळला नव्हता. कांती उजळते, विषारी द्रव्ये धुऊन निघतात, ही माझ्या लेखातील दोन वाक्येही मी मागे घेते.

वाग्भटाच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात निरोगी माणसानेही पाणी थोडेच प्यावे असे सांगितले आहे हे खरे, परंतु त्याच ओळीच्या आरंभी ‘शरद आणि ग्रीष्म हे ऋतू सोडून’ असा अपवाद आहे. माझा लेख खानदेशातल्या वैशाखाबद्दल होता. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा वाग्भटाचा तो अपवादच इथला नियम होतो.

आता तहानेविषयी. आपल्या प्रतिक्रियेतील हाच मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. ‘तहान लागली म्हणजे आधीच उशीर झाला’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते निरोगी माणसाच्या बाबतीत खरे नाही. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झाले तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील पेशींना ते कळते. प्रथम व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटते, मूत्रपिंडे पाणी राखू लागतात आणि लघवी गडद व कमी होते. तेवढ्याने भागले नाही, तर तहान लागते. इतकी चोख यंत्रणा शरीरात असताना माणसाने मोजणी करत बसू नये, हे आपले म्हणणे मी स्वीकारते. पण ही यंत्रणा फक्त सूचना देते. ती पाळणे माणसाच्या हातात असते, आणि पुष्कळांच्या तर तेही हातात नसते.

वृद्धांमध्ये सूचनाच क्षीण होते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पण नेमक्या प्रयोगात निरोगी तरुण आणि ६७ ते ७५ वर्षांचे निरोगी पुरुष यांना २४ तास पाण्यावाचून ठेवले होते. नंतर पाणी समोर आले तेव्हा रक्त दाट होऊनही वृद्धांना तहान कमी जाणवली आणि ते पाणीही कमी प्याले. म्हणजे ज्या वयात आपल्या वडिलांना जास्त पाण्याने त्रास झाला, त्याच वयात दुसऱ्या एखाद्या घरी आजी दुपारभर पाण्याला न शिवल्यामुळे भोवळ येऊन पडते. दोघांना एकच आकडा सांगणे चुकीचे, आणि दोघांना ‘तहान लागेल तेव्हा प्या’ असे सांगणेही तितकेच अपुरे.

याहून मोठा वर्ग आहे तो ज्यांना तहान नीट लागते, पण ती मारावी लागते त्यांचा. माझी आई प्राथमिक शिक्षिका होती. शाळेत एकच शौचालय होते आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. सकाळी साडेनऊला घरून निघताना ती फुलपात्रभर पाणी प्यायची, आणि मग संध्याकाळी साडेपाचला घरी येईपर्यंत ओठ ओले होतील एवढाच घोट घ्यायची. लग्नाकार्याला लांबच्या गावी बसने जायचे असले की आदल्या रात्रीपासूनच तिचे पाणी बंद होई. दर उन्हाळ्यात तिला उन्हाळी लागायची, धणे-जिऱ्याचे पाणी देऊन आम्ही ती निभावायचो, आणि ४८ व्या वर्षी तिला मुतखडा झाला. तिला तहान लागत नव्हती असे नाही. ती लागली तर काय करायचे, याची सोय नव्हती. मुंबईत २०११ साली काही स्वयंसेवी संस्थांनी स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्या मिळाव्यात म्हणून ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा आई हयात नव्हती. पाणी पिणे हा आरोग्याचा प्रश्न आहे तितकाच तो दाराच्या कडीचाही आहे, हे मला त्या मोहिमेच्या बातम्या वाचताना उमगले. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी प्यायची आठवण म्हणून वेगळी घंटा सुरू केली. उपक्रम चांगलाच आहे, मात्र जिथे मुलींसाठी धड शौचालय नाही तिथे ती घंटा ऐकूनही मुली पाणी पिणार नाहीत.

अशा माणसांना पाणी वाढवल्याने लाभ होतो का, याचे उत्तर मात्र भक्कम आहे. इटलीत पहिल्यांदाच मुतखडा झालेल्या १९९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला गेला आणि तो अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यास सांगितलेल्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. ज्यांना तसे सांगितले नव्हते त्या १०० जणांपैकी २७ जणांना झाला. लघवी दाट झाली की कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांचे स्फटिक जमतात, पातळ राहिली की ते विरघळलेले राहतात, इतकी ही गोष्ट सरळ आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेयद्रव घेणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले, आणि वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा झाला. या प्रयोगाचा खर्च बाटलीबंद पाणी विकणाऱ्या दानोन कंपनीने केला होता. आपला संशय लक्षात घेता हे सांगणे मला आवश्यक वाटते. तरीही स्त्रिया कशा निवडल्या आणि गट कसे पाडले हे पाहता तो निष्कर्ष मला ग्राह्य वाटतो, आणि माठातल्या पाण्यानेही तोच परिणाम होईल याबद्दल मला शंका नाही. त्याच वर्षी कॅनडातील ६३१ मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांवरील प्रयोगाचा निकाल आला, आणि तो उलट होता. वर्षभर जास्त पाणी प्यायल्याने मूत्रपिंडांची घसरण मंदावली नाही. म्हणून ‘पाण्याने मूत्रपिंडे सुधारतात’ असे सरसकट विधान मी करणार नाही.

उन्हात राबणाऱ्यांचा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे. कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि निकाराग्वा व एल साल्वादोर येथील ऊसतोड मजुरांमध्ये ऐन तारुण्यात मूत्रपिंडे निकामी होण्यामागे उष्णता आणि वारंवार पडणारा शोष ही मोठी कारणे मानली जातात. फडात तोड चालू असताना तहान लागली म्हणून कोयता खाली ठेवून पाण्यापर्यंत चालत जाणे किती जणांना परवडते, हे बीड-अहिल्यानगरकडच्या वाचकांना मी सांगायला नको.

मूळ लेखात मी पुढीलप्रमाणे बदल केले आहेत. ‘किमान आठ ग्लास’ हे शब्द काढून त्याजागी लघवीचा रंग फिकट, गवताच्या काडीसारखा राहील इतके पाणी, असे लिहिले आहे. मुतखडा होऊन गेलेल्यांसाठी दोन ते अडीच लिटर लघवीचा निकष वेगळा दिला आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, हा इशारा लेखाच्या आरंभी ठळक टाकला आहे. वडिलांना पुढच्या तपासणीला न्याल तेव्हा दिवसभरात एकूण किती पेयद्रव चालेल हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ती गोळी बदलता येईल का हेही विचारा. आपली हरकत नसेल तर नाव-गाव न देता त्यांचा अनुभव त्या इशाऱ्याखाली आपल्याच शब्दांत छापावा, अशी माझी इच्छा आहे. आपले उत्तर येईपर्यंत ती जागा मी मोकळी ठेवली आहे.