कधी गेली?

"बॅकअप नव्हता का घेतलेला?"

गेल्या तीन आठवड्यांत हा प्रश्न मला बायकोने, साडूने, ऑफिसातल्या दोघांनी आणि खालच्या इस्त्रीवाल्याने विचारून झालाय. पाकीट मारलं गेलं की "पुढच्या खिशात ठेवायचं ना" असं सांगणारी जी माणसं असतात, त्याच गोतावळ्यातली ही सगळी. वर विचारताना चेहरा असा करतात, की स्वतः रोज रात्री बॅकअप घेऊनच पाठ टेकत असावेत.

तर, हार्ड डिस्क पडली. टीपॉयवरून. वायर पायात अडकली. कुणाच्या पायात, यावर घरात अजून एकमत नाही. उचलून पुन्हा लावली तर टक... टक... टक. नळ गळावा तसा आवाज, आणि स्क्रीनवर काहीच नाही.

साडू म्हणाले, फ्रीझरमध्ये ठेव. साडूंचा सल्ला मी का ऐकला हे मलाही कळलेलं नाही, पण रात्रभर ती डिस्क मटार आणि खवलेलं ओलं खोबरं यांच्यामध्ये झोपवली. सकाळी तीच टकटक, फक्त जरा सर्दी झाल्यासारखी.

मग लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं, तरी त्या नावाने पत्ता विचारला तर माणसं आधी आपल्याकडे बघतात आणि मग म्हणतात, "म्हणजे लॅमिंग्टन रोड ना?" जवळचं स्टेशन ग्रँट रोड, आणि तिथे फास्ट लोकल थांबत नाही, म्हणून बोरिवलीहून स्लोने निघालो. डिस्क जुन्या पंचात गुंडाळून मांडीवर. अंधेरीला चढलेल्या बाईंनी पंचाकडे बघून पाय आवरून घेतले. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही.

दुकान पहिल्या मजल्यावर. काउंटरवर मराठी पोरगा, आणि समोरच्या बाकावर एक काका. पांढरा लेंगा, सदरा, हातात घडी घातलेला पेपर. मी पंचा सोडला. काका थोडे पुढे झुकले.

"गेली?"

"हो."

"कधी गेली?"

"परवा रात्री."

काकांनी मान हलवली. "वय काय होतं?"

"2014 ला घेतलेली."

"म्हणजे अकरा वर्षं. चांगलं आयुष्य मिळालं म्हणायचं. त्रास फार झाला का?"

"दोन दिवस टकटक करत होती."

"अरेरे," काका म्हणाले, आणि घडी घातलेला पेपर मांडीवर ठेवला. "शेवटी शेवटी तसंच होतं. पण लोळत नाही पडली, हे एक बरं."

एवढ्यात पोरगा डिस्क कानाशी धरून ऐकत होता. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी माझी छाती कधी इतक्या मन लावून तपासलेली नाही. मग त्याने डिस्क उलटी केली आणि लेबलवर नखाने काहीतरी खरवडलं.

"सर, फ्रीझरमध्ये ठेवली होती का?"

"छे!"

"मग हे खोबरं कसलं?"

काका उठून काउंटरपाशी आले आणि त्यांनी खोबऱ्याचा तो कीस जातीने पाहिला. "ओलंच आहे," असा निर्वाळा दिला.

पोरगा समजावू लागला. आत काचेसारखी गुळगुळीत तबकडी असते, ती मिनिटाला 5,400 वेळा फिरते, आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. आपला केस त्या फटीपेक्षा हजारो पट जाड. (विरार लोकलच्या दारात उभ्या असलेल्या दोन माणसांत साधारण एवढंच अंतर असतं, आणि तिथेही एकाचा तोल गेला की दोघांची सालं निघतात.) डिस्क पडली की हेड तबकडीला घासू शकतं, आणि जिथे घासलं तिथला डेटा कायमचा गेला. फ्रीझरमधून बाहेर काढली की आत दव धरतं, ते वेगळंच.

"हेड बदलावं लागेल. त्याला डोनर लागतो. सेम मॉडेल, शक्यतो त्याच सुमाराला बनलेला."

"डोनर!" काका एकदम गंभीर झाले. "घरातलं कुणी आहे का?"

"काका, तशीच दुसरी डिस्क लागते."

"तेच म्हणतोय. भाऊ, बहीण?"

पोरगा हसला नाही. त्याला सवय असावी.

यानंतर काकांनी तो प्रश्न विचारला. मी जीभ चावायला हवी होती, पण माझी नजर खोबऱ्यावर होती, म्हणून खरं सांगून बसलो. "होता ना बॅकअप. त्याच डिस्कवर. 'बॅकअप' नावाचा फोल्डर केला होता."

काकांनी डोळे मिटले. मग उघडले. पुढच्या तासाभरात त्या दुकानात जो जो आला, त्याला काकांनी माझी ओळख करून दिली. प्रिंटरची शाई घ्यायला आलेल्या बाईंना म्हणाले, "हे साहेब. यांचा बॅकअप त्याच डिस्कवर होता." कुरियरवाल्याला म्हणाले, "डुप्लिकेट किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलेले हेच." चहा घेऊन आलेल्या पोराला नुसती माझ्याकडे मान करून दाखवली. त्याने कपात बघून हसू दाबलं, आणि तिथे मला खरोखर राग आला. चाळिशी ओलांडलेला, हप्ते वेळेवर भरणारा माणूस आहे मी. कटिंग आणणाऱ्या पोराने मला हसावं?

विषय बदलावा म्हणून मी त्यांना सांगितलं, की आयबीएमने 1956 मध्ये आणलेली पहिली हार्ड डिस्क टनाच्या आसपास वजनाची होती. 24 इंचांच्या 50 तबकड्या, आणि मावायची फक्त 50 लाख अक्षरं.

"टीपॉयवरून तरी पडली नसती," काका म्हणाले.

मग त्यांना माझ्या डिस्कची साइझ हवी होती. 1 टीबी, मी म्हणालो. कॉम्प्युटर 931 जीबी दाखवतो, पोरगा म्हणाला.

"उरलेले 69?"

कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर 1,024 ने, हे पोराने त्यांना दोनदा समजावलं. काकांना ते पटलं नाही. "दूधवाला पण हेच सांगतो," म्हणाले. या एका बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूने आहे.

अंदाज साडेअठरा हजार. नवी डिस्क यात तीनदा येते, पण नव्या डिस्कमध्ये आपलं काही नसतं, आणि हे त्या धंद्याला पुरतं ठाऊक असतं. पैसे भरताना पोराला हळूच विचारलं, "काकांचं काय बिघडलंय?"

"त्यांचं? काही नाही. मागच्या चाळीत राहतात. दुपारी येऊन बसतात. एसी आहे ना."

सोळा दिवसांनी फोन आला. डोनर मिळाला होता. गेलो, तर काका बाकावर होतेच.

डेटा "बऱ्यापैकी" मिळाला होता. म्हणजे फोल्डर गेले, नावं गेली, उरल्या आकडे लावलेल्या चाळीसेक हजार फायली. मी कधीतरी अख्खा मोबाईल त्यात ओतला होता, त्यामुळे शुभ सकाळचे गुलाब, उगवते सूर्य आणि वाफाळते कप एकही पाकळी न गळता परत आले. गणपतीत बाबा आरती म्हणताहेत, मध्येच कडवं चुकून आईकडे बघताहेत, तो दीड मिनिटाचा व्हिडिओ नाही आला. पोराने तीनदा शोधला. "तबकडीवर नेमका तिथेच चरा आहे, सर." साडेअठरा हजारात मी गुलाब सोडवून आणले.

"लग्नाचा आहे पण," पोरगा म्हणाला, आणि मी नको म्हणायच्या आत त्याने तो मोठ्या स्क्रीनवर लावला. 2009 चा मी, डोक्यावर केस, मुंडावळ्या एका बाजूला घसरलेल्या. भटजी, मंगलाष्टकं, मामाने धरलेला आंतरपाट. काका केव्हा मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. शाईवाल्या बाईही पुन्हा आल्या होत्या. "शुभमंगल साव..." एवढं झालं आणि चित्र थांबलं. आंतरपाट तसाच मध्ये. पोराने माउस हलवून पाहिला. पुढे काही नव्हतं.

दुकानात सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मग?" काका म्हणाले. "पुढे झालं का?"