गाडीचा ऑनलाइन भाव दाखवणं आता बंद करा

५ लाख ६० हजार ते ६ लाख ५ हजार. जुन्या गाड्या घेण्या-विकणाऱ्या एका कंपनीच्या ॲपनं माझ्या स्विफ्ट डिझेलला मोबाईलवर हा भाव दाखवला. २०१८ची गाडी, एमएच २४ पासिंग, सिंगल हॅन्ड, लोनचा बोजा उतरवलेला, सर्व्हिसची सगळी बिलं फाईलला. परवा त्याच कंपनीचा इन्स्पेक्शनवाला पोरगा लातूरला घरी आला आणि ४ लाख १० हजार सांगून गेला. सरळ दीड लाख खाली!

कसा खाली आणला तेही ऐका. डाव्या मागच्या दारावर त्यानं कलरची जाडी मोजायचं ते मशीन टेकवलं. "काका, हे दार रिपेंट आहे." आहेच. गंजगोलाईत ऑटोवाल्यानं घासलं म्हणून इन्शुरन्समधून रंगवलं होतं, त्याचं बिल त्याच्या हातात दिलं. बघितलंसुद्धा नाही. टायर निम्मे झिजलेत, कापा. दुसरी चावी कुठंय? ही घ्या म्हणलं, तर तिचं बटन चालत नाही, कापा. भर उन्हात बॉनेट उघडं ठेवून फोटोवर फोटो काढले आणि भाव त्यानं ठरवलाच नाही, तो पुण्याहून फोनवर आला. "सर, ही किंमत आज रात्री आठपर्यंतच आहे." आठपर्यंत! माझी गाडी आहे का कोथिंबिरीची जुडी?

संध्याकाळी त्यांच्याच ॲपवर त्याच सालची, माझ्यापेक्षा जास्त पळालेली स्विफ्ट ६ लाख ४० हजाराला लावलेली. मग मला आधी दाखवलेला तो आकडा होता कुणासाठी? आपण 'गाडी विका' दाबावं, एवढ्यासाठीच.

आणि हाच आकडा आपण घ्यायला गेलो की काळ्या दगडावरची रेघ होतो. मागं मेव्हण्यासाठी परभणीत डिझायर बघितली, तर मालक मोबाईल नाचवत बसला. "ऑनलाइन इतकी दाखवतंय, एक रुपया कमी होणार नाही." बँकेच्या व्हॅल्युअरनं तीच गाडी लाखानं कमी धरली, लोन तेवढंच बसलं, वरचे रोख मेव्हण्यानं उभे केले. विम्याची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची धरते ती किंमत, तिसरीच. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा, इथपर्यंत तरी तक्ता ठरलेला असायचा. पाच वर्षांपुढं म्हणे विमा कंपनीनं आणि मालकानं मिळून ठरवायचं. माझ्याशी कुणी ठरवलं? रिन्यूअलच्या कागदावर छापूनच आलं.

मुळात ते ॲप विचारतं काय? मॉडेल, साल, किलोमीटर आणि कंडिशनला तीन बटनं: उत्तम, चांगली, बरी. सप्टेंबर २०२५च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी होती का, याला बटन नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की टोकाला गाळाची रेघ सापडते, मॅट उचलली की कुबट वास येतो. हे हातानं बघावं लागतं. गावागणिक भावही वेगळा. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर २०१५ पासून टांगती तलवार आहे. आपल्याकडं पासिंग १५ वर्षांचं, आणि मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केल्यापासून चांगली डिझेल स्विफ्ट शोधत गिऱ्हाईक खेड्यातून येतं. सोयाबीनचा पैसा हातात आला की भाव वेगळा, पितृपक्षात वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जो तो "नवीनच घेतो की" म्हणायला लागला. मोबाईलवरचा आकडा मात्र कित्येक दिवस जागचा हलला नाही.

इथले डीलर त्याहून वरचढ. जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी डीलरच्या मार्जिनवर लागतो, अख्ख्या किमतीवर नाही. तरी एकजण माझ्या तोंडावर अख्ख्या किमतीचा जीएसटी धरून भाव पाडत होता. वर चहा पाजत होता!

ॲपवाल्यांनो, भाव दाखवायचाच तर झालेल्या व्यवहाराचा दाखवा. मालकाच्या हातात किती पडले आणि पुढच्याला कितीला विकली, दोन्ही आकडे शेजारी शेजारी. तुमच्याकडं आहेतच ते.

लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, कुणी एवढ्यात डिझेल स्विफ्ट विकली असेल तर साल, किलोमीटर आणि खात्यावर आलेली रक्कम सांगा. मागितलेला भाव नको, मिळालेला सांगा.