‘अठराव्या वर्षी रस्त्यावर’ : मजकूर कुठे चुकतो आणि काय विसरतो

बालगृहातलं मूल 18 वर्षांचं झालं की त्याला रस्त्यावर सोडतात, कायद्यात पुढची काहीच सोय नाही, तेव्हा मोठं वसतिगृह बांधायला देणगी द्या, अशा अर्थाचा मजकूर अधूनमधून फिरत असतो. कळकळ खरी असेल. निदान चुकलेलं आहे आणि त्यामुळे पैसा भलतीकडे जातो.

कायद्यात सोय नाही? आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 प्रमाणे 18 व्या वर्षी संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक साहाय्य देता येतं. 2016 च्या आदर्श नियमांतला नियम 25 म्हणजे अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार : 21 वर्षं पूर्ण होईपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी 2 वर्षं. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. मात्र ही मदत ‘देता येते’, द्यावीच लागते असं नाही. प्रस्ताव वेळेत गेला नाही तर कोणी आपणहून विचारायला येत नाही.

मग सोय असूनही मुलं बेघर का होतात? बहुतेकदा कागदांपायी. बाहेर पडण्याच्या 2 महिने आधी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा केस वर्करने पुढचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा, असा नियम आहे. 2 महिन्यांत काय काय होणार? आधारमधले बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद 15 व्या वर्षी अद्ययावत करायची असते. ती राहिली असेल तर ऑनलाइन भाडेकरार नोंदवताना ओळख पटत नाही. अज्ञान (18 वर्षांखालील) म्हणून उघडलेलं बँक खातं 18 नंतर नव्याने केवायसी होईपर्यंत अडकतं, आणि अनुदान तर थेट खात्यातच येतं. आधारवरचा पत्ता बालगृहाचा, तो वाचून घरमालक काचकूच करतो. शिवाय अनुदान दरमहा, अनामत एकरकमी. त्यामुळे तयारी 16 व्या वर्षीच सुरू व्हायला हवी : आधी आधार, मग जन्मदाखला आणि शाळेचे दाखले, 17 पूर्ण होताच मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज, 18 व्या वाढदिवसाच्या आठवड्यात बँक.

‘मोठं वसतिगृह बांधा’ याच्याशी तर नियमच सहमत नाही. त्यात 6 ते 8 जणांच्या गटासाठी तात्पुरतं सामूहिक घर सांगितलं आहे. शंभर खाटांची इमारत म्हणजे पुन्हा एक संस्था. ती बहुधा जिथे जमीन स्वस्त तिथे उभी राहते, नोकरी आणि कॉलेज मात्र दुसऱ्या टोकाला. भाड्याचा फ्लॅट कामाच्या जवळ घेता येतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार 11 महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच लागतो (भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55). संस्था स्वतःच्या नावावर घर घेते तेव्हा करारात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव घालायला विसरते. मग त्या मुलांकडे पत्त्याचा पुरावा उरत नाही. सोसायटीशी बोलणं करारानंतर नव्हे, आधी. देणगी द्यायचीच असेल तर अनामतीसाठी फिरता निधी उभारा. घर सोडताना रक्कम परत येते आणि पुढच्या मुलाला उपयोगी पडते.

1 टक्का अनाथ आरक्षणाने हे सुटलं, असंही कोणी म्हणतं. ते शिक्षण आणि नोकरीसाठी आहे. भाडं त्यातून निघत नाही.

त्या फिरणाऱ्या मजकुरात एक मोठा गट मुळी नाहीच : कलम 44 खाली प्रतिपालक (फॉस्टर) कुटुंबात वाढणारी आणि राज्याच्या बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे राहणारी मुलं. योजनेचे महिन्याचे 2,250 रुपये 18 व्या वर्षी थांबतात, अनेकदा बारावीच्या ऐन वर्षात. अनुरक्षणाची व्याख्या मात्र संस्थेतून बाहेर पडलेल्यांपुरतीच आहे, म्हणून या मुलांना तो दरवाजाही बंद. पैसे थांबले की आत्या-मामाच्या घरातली जागाही डळमळते. यासाठी 17 व्या वर्षीच्या गृहभेटीत दोन प्रश्न नोंदवून घ्यावेत : 18 नंतर मूल इथेच राहणार का, आणि नसेल तर कुठल्या शासकीय वसतिगृहात अर्ज करायचा. ते अर्ज शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच घेतले जातात. वाढदिवस जानेवारीत असेल तर त्याच्या आधीच्या जूनमध्येच हालचाल करावी लागते.